सहा सुताची कड

प्लायवूडच्या दुकानात गिऱ्हाईक शीटच्या तोंडावरून हात फिरवतं आणि मिस्त्री कडेला नख लावतो. गिऱ्हाइकाला वरचा गुळगुळीतपणा दिसतो, मिस्त्रीला थरांमधली पोकळी. पैसे गिऱ्हाईक देणार असतं, म्हणून त्याची नजर कडेकडे जायच्या आत दुकानदार वरचा शिक्का दाखवतो. आयएस ३०३ म्हणजे घरगुती, आयएस ७१० म्हणजे मरीन. वाशिमपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेचारशे किलोमीटर लांब आहे, पण आमच्याकडे ज्याची ऐपत आहे तो मरीनच घेतो. उद्याचं काही सांगता येत नाही.

कड झाकणं हा एरवी आमच्याकडे चर्चेचा विषय नाही. कपाट असेल तर मिस्त्री सागाची लीपिंग मारतो, मॉड्युलर किचन असेल तर एज बँड चिकटवतो, आणि घरमालकाचे पैसे संपले असतील तर पुट्टी भरून ब्राउन रंग फासतो. तिन्ही प्रकारांत घरमालकाला कुणी काही विचारत नाही. यंदा मात्र आमच्या भाच्यानं विचारलं, आणि विचारलं ते अख्ख्या वाशिमला.

भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. दिवाळीला घरी आला तो लॅपटॉपसकट, आणि भाऊबीज उरकते न उरकते तोच ताईच्या ओसरीत त्यानं साडेपाच फूट उंचीची एक पेटी उभी करायला घेतली. वर पडदा, मध्ये उतरता फळा, फळ्यावर दांडी आणि रंगीबेरंगी बटणं. पूर्वी दुकानात रुपया टाकून खेळायचो ती व्हिडिओ गेमची पेटी. फरक एवढाच की ही घरची, आणि हिला रुपया लागणार नव्हता. भाऊजींना हा फरक फारसा पटला नाही. रुपया घेणारी पेटी असती तर निदान तिचे तरी पैसे निघाले असते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

१९९० नंतर आमच्याकडे रिसोड काय, कारंजा काय, मंगरूळपीर काय, कुठंही एसटी स्टँडच्या आसपास एखाद्या शटरच्या आत अशा पेट्या असायच्या. उदबत्ती, घाम आणि तापलेल्या काचेचा वास. कॅपकॉम कंपनीनं १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' नावाचा खेळ काढला. त्यात चार वीर होते. आमच्या पोट्ट्यांनी त्यातला टोपीवाला मुस्तफा तेवढा उचलला आणि त्याचंच नाव खेळाला देऊन टाकलं. बाकीच्या तिघांची नावं आजही कुणाला विचारा, सांगता येणार नाहीत. त्या पेट्यांच्या कडांना ॲल्युमिनियमची एल पट्टी खिळ्यांनी ठोकलेली असायची. वापरून वापरून खिळ्यांची डोकी वर यायची आणि खेळ रंगात आला की मनगट त्यावर घासलं जायचं. दळणाच्या पैशांतला रुपया कुठं गेला, हे आईला मनगटावरच्या ओरखड्यावरून कळत असे. भाच्याच्या लहानपणी ही दुकानं शेवटच्या घटका मोजत होती, पण त्याच्या मनगटावर एक बारीक पांढरी रेघ अजून आहे. तेव्हा कडेला काहीतरी गोल, मऊ आणि बिनखिळ्याचं हवं, ही त्याची अट ऐकल्यावर मला तरी नवल वाटलं नाही.

आता या पेटीत अवघड म्हणाल तर बाकी सगळंच होतं. पोटात रास्पबेरी पाय नावाचा तळहातावर मावणारा संगणक. त्यात जुन्या खेळांच्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणारी 'माम' नावाची प्रणाली. निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थानं ती १९९७ साली प्रथम लोकांपुढे आणली. ('माम' हे नाव ऐकून ताईनं माझ्याकडे पाहिलं.) बटणांसाठी फळ्यावर २८ मिलिमीटरची भोकं, प्रत्येक बटणामागून निघालेल्या दोन-दोन वायरी, त्या सगळ्या गोळा करून संगणकाला कळवणारी एक छोटी पट्टिका. या गोष्टी चालू असताना घरात कसं शांत वातावरण होतं. भाऊजी यायचे, वायरींचा पुंजका बघायचे, "चांगलं चाल्लंय" म्हणायचे आणि पेपर वाचायला जायचे. ज्यातलं आपल्याला कळत नाही तिथं माणूस मोठा नम्र असतो.

मग कड आली.

सी. नॉर्थकोट पार्किन्सन या इंग्रज लेखकानं १९५७ साली आलेल्या आपल्या पुस्तकात एका समितीची बैठक रंगवली आहे. अणुभट्टीचा अवाढव्य खर्च समिती बघता बघता मंजूर करते, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही. आणि सायकली ठेवायच्या शेडवर मात्र घनघोर चर्चा करते, कारण पत्रा सगळ्यांना कळतो. पार्किन्सनसाहेब वाशिमला आले असते तर शेडवरही थांबले नसते. शेडच्या पत्र्याची कड मुडपायची की त्यावर पट्टी मारायची, यावर त्यांना आणखी एक प्रकरण लिहावं लागलं असतं.

भाच्याच्या मनात होतं ते टी-मोल्डिंग. मोबाइलवर त्यानं सगळ्यांना दाखवलं. पीव्हीसीची लवचिक पट्टी, आडवी कापून बघितली तर इंग्रजी टी या अक्षराच्या आकाराची. वरचा भाग किंचित फुगीर, तो कड झाकतो. खाली मधोमध निघालेली जीभ, तिला दोन्ही बाजूंनी उलटे काटे. प्लायच्या कडेत बरोब्बर मध्यभागी साधारण दीड मिलिमीटर रुंदीची खाच पाडायची, तीत ही जीभ ठोकायची. काटे आत जाताना दबतात आणि बाहेर येताना अडतात. खिळा नको, फेविकॉल नको. अमेरिकेतल्या पेट्यांना हेच असायचं, कारण तिथंही गिऱ्हाईक हरल्यावर पेटीला लाथ मारत असे, आणि उघड्या कडेचा भुसा पडायला वेळ लागत नसे. कॅन्टीनच्या टेबलांनाही हीच पट्टी. बशी आपटली तरी टवका उडत नाही, आणि पट्टी खराब झाली तर उपटून दुसरी ठोकायची.

खरं तर धंद्यासाठी निघालेली जगातली पहिली व्हिडिओ गेमची पेटी बिनकडेची होती. १९७१ सालच्या 'कॉम्प्युटर स्पेस'ला फायबरग्लासचं सबंध ओतीव अंग होतं, सगळीकडून वळणदार, चकाकतं. दिसायला देखणी, पण खेळ लोकांच्या डोक्यावरून गेला. पुढच्याच वर्षी अटारीनं 'पाँग' काढला, तो साध्या लाकडी खोक्यात. कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात ती पेटी नेऊन ठेवली आणि थोड्याच दिवसांत बंद पडली म्हणून तक्रार आली. उघडून पाहिली तर नाण्यांनी तुंबलेली. म्हणजे पैसा आला तो लाकडी खोक्याबरोबर, आणि त्याच खोक्याबरोबर कडाही आल्या. तेव्हापासून हा प्रश्न जगापुढे आहे. वाशिमपुढे तो यंदा आला, एवढंच.

आम्ही बाजारात निघालो. पाटणी चौकापासून सुरुवात केली, कारण वाशिममध्ये कशाचीही सुरुवात पाटणी चौकापासूनच होते. पहिल्या प्लायच्या दुकानात मोबाइलवरचं चित्र दाखवताच दुकानदार म्हणाला, "हे का? हे एज बँडच होय." मी म्हटलं, एज बँड सपाट असतो, याला खाली जीभ आहे. त्यानं चित्र जवळ घेतलं, लांब नेलं, नोकराला दाखवलं आणि निकाल दिला, "जीभ कापून टाका, झाला एज बँड." शिवाय तो घ्यायचा तर पन्नास मीटरचा अख्खा रोल. आमच्या पेटीला दोन्ही बाजू धरून जेमतेम अकरा-बारा मीटर लागणार होतं. उरलेल्याचं काय करायचं विचारलं, तर त्याचा सल्ला तयार होता: "अजून तीन पेट्या करा."

पुढं प्रत्येक दुकानात हेच. काच-ॲल्युमिनियमवाल्यानं यू चॅनल काढलं. वळणावर ते कसं वाकवायचं, यावर त्यानं पेटीला वळण कशाला पाहिजे, असा प्रतिप्रश्न केला. ऑटोच्या सीट शिवणाऱ्याला रेक्झिनची पायपिंग सुचली, आणि ती लावायचीच आहे तर सगळ्या पेटीलाच रेक्झिन मढवू, आत दोन इंची फोमही घालू, म्हणाला. पुसद नाक्याकडच्या फ्रीज दुरुस्तीवाल्याने दाराचं जुनं गॅस्केट हातात ठेवलं. हे चुंबकाचं आहे, लोखंडाला आपोआप चिकटतं, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. पेटी लाकडाची आहे, हे कळल्यावर त्याला आमच्याबद्दल वाईट वाटलं. मंडप डेकोरेशनवाल्याकडे आम्ही गेलो नव्हतो, तोच रस्त्यात भेटला. त्याच्याकडे सोनेरी झालर शिल्लक होती.

कुणी "नाही" म्हणेना. आमच्याकडे "माल नाही" म्हणणं म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान समजला जातो. त्यापेक्षा दुसराच माल गळ्यात मारणं सभ्यपणाचं. आणि प्रत्येकाला आपल्या मालात ती कड खरोखर दिसत होती. माणूस ज्या धंद्यात तीस वर्षं काढतो तो धंदा अखेर त्याच्या डोळ्यांत जाऊन बसतो. मी शाळेत नोकरी केली. मला प्रत्येक कड बघितली की ती कर्कटकानं कोरून ठेवलेली दिसते.

शेवटी एकानं सांगितलं, "अकोल्याले भेटीन." वाशिमला न मिळालेली वस्तू अकोल्याला मिळते, हा आमचा जुना सिद्धांत आहे. १ जुलै १९९८ ला वाशिम अकोल्यातून फुटून वेगळा जिल्हा झाला. तसा तो दुसऱ्यांदा झाला. इंग्रजांच्या अमदानीत बासिम नावाचा जिल्हा होताच, १९०५ साली तो मोडून अकोला आणि यवतमाळ यांच्यात वाटून टाकला होता. तर १९९८ ला कलेक्टर आले, एसपी आले, झेडपी आली. होलसेलवाला मात्र अकोल्यालाच राहिला. फोन केला. तो म्हणाला, "नागपुरात पाहा."

बाजार असा हरला तेव्हा घरातले पुढं सरसावले. भाऊजींचे थोरले बंधू इतिहासाचे निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. सरांशी कुठलाही विषय काढा, तो तिसऱ्या वाक्याला वत्सगुल्माला पोचतो. वाशिमचं ते जुनं नाव, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सरांनी पेटीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "हरिषेणाचा मंत्री वराहदेव. त्यानं अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. ज्या राजधानीतून ते काम उभं राहिलं, तिथं तुम्ही प्लॅस्टिकची पट्टी लावता?" मग त्यांनी द्वारशाखांविषयी सांगितलं. देवळाच्या दाराची चौकट कशी एकाच पट्टीची नसते. पानांची एक शाखा, माणसांची एक, स्तंभांची एक, अशा एकात एक बसवलेल्या. किमान तीन शाखा तरी हव्यात, असा त्यांचा आग्रह होता. भाच्यानं नम्रपणे विचारलं, "काका, अठरा एमएममध्ये तीन शाखा कशा बसतील?" सर म्हणाले, "प्लाय जाड घ्यायला पाहिजे होतं." इतिहासाच्या माणसाशी वाद घालायची हीच पंचाईत, तो नेहमी आधीपासून सुरुवात करायला सांगतो.

शेजारच्या आजी मानोऱ्याकडच्या तांड्यावरून या गल्लीत नांदायला आलेल्या. पोहरादेवीची यात्रा त्यांनी कधी चुकवली नाही. त्यांनी घरात जाऊन ट्रंकेतून आपल्या सासूचा फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, आणला. आरसे, कवड्या, दोऱ्यांची नक्षी, सगळं होतं, पण आजींनी ते न दाखवता घेराची कड उलटी करून आतला भाग भाच्याच्या हातात दिला. नक्षी एकेरी टाक्याची, कड मात्र दुहेरी, आणि तिच्याआड पुन्हा जाड कापडाची पट्टी. "पह्यले कडच फाटते बाबू," एवढंच म्हणाल्या. सबंध चर्चेत कामाचं बोलल्या त्या एकट्या आजी. त्यामुळे त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

कारण तोवर रंगाचा प्रश्न उपस्थित झाला होता. टी-मोल्डिंग ऑनलाइन मागवायचं ठरलं, तर त्यात रंगांची ही भली मोठी यादी. भगवा मागवावा तर कुठल्या पक्षाचा, निळा मागवावा तर कुठल्या संघटनेचा, हिरवा मागवावा तर कोण काय म्हणेल. कुठल्या ना कुठल्या निवडणुकीची हवा आमच्याकडे बारमाही असते आणि ओसरी रस्त्याला लागून आहे. पिवळ्यावर काही दिवस एकमत होतं. मग कुणीतरी शाळेच्या बसची आठवण काढली. लाल बघून भाऊजींना गॅस सिलिंडर दिसला. उरला काळा. ताई म्हणाली, "सणासुदीचं काळं? माझ्या ओसरीत?" दोन दिवस पेटी अडली. शेवटी भाऊजींनी आयुष्यात पहिल्यांदाच ताईला निरुत्तर केलं. "घरातला टीव्ही कोणत्या रंगाचा हाये?" ते म्हणाले. ताईनं टीव्हीकडे असं पाहिलं, जणू इतकी वर्षं त्यानं तिची फसवणूक केली होती. मग पेटी सुरू करताना कडेला हळदीकुंकवाची बोटं लावायची, या अटीवर काळा मंजूर झाला.

आता मिस्त्री. मिस्त्री जातिवंत सुतार. वडील बैलगाड्या करायचे. याच्या वाट्याला कपाटं आली. पेटीच्या बाजू त्यानंच कापल्या, त्यावर दोन्ही अंगांनी सनमायका त्यानंच लावला. माप तो सुतातच सांगतो. आठ सूत म्हणजे एक इंच. आमच्या प्लायची जाडी कागदोपत्री अठरा मिलिमीटर, मिस्त्रीच्या भाषेत सहा सूत. मिलिमीटरवर त्याचा विश्वास नाही. "ते शाळेत ठीक हाये," म्हणतो.

इथं खरा पेच निघाला. टी-मोल्डिंग साधारणपणे एकोणीस मिलिमीटरचं येतं, पाऊण इंचाच्या फळीसाठी. प्लाय अठराचं, त्यावर एकेक मिलिमीटरचा सनमायका दोन्हीकडून, म्हणजे झाली वीस. पट्टी एक मिलिमीटरनं कमी पडणार. भाच्यानं लगेच लॅपटॉप उघडला आणि गणित मांडलं. मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, कडेवर एक रेघ मारली आणि म्हणाला, "सुताचा तिसरा हिस्सा बी नाई. बाहीरून बरोबर करू, आतून कमी राहू द्या. आतून कोन पाह्यते?" म्हणजे खाच मधोमध न पाडता अर्धा मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकवायची. बाहेरचा काठ पट्टीशी एकसारखा बसेल, कमीजास्त जे काय ते आतल्या अंगाला, तिथं कानस मारून धार मोडायची. भाच्याच्या लॅपटॉपनंही बऱ्याच वेळानं हेच उत्तर दिलं. सरकारी इमारतीपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत आपल्याकडे सगळी कामं याच तत्त्वावर चालतात, पण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत ते तत्त्व इतकं नेमकं पाळलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

पट्टी कुरिअरनं आली. खोक्यातून काढली तर थंडीनं ताठ झालेली, गुंडाळीचा आकार सोडायला तयार नाही. भाचा ताईचा हेअर ड्रायर शोधायला आत गेला. मिस्त्रीनं ती गुंडाळी उचलली आणि गच्चीवर उन्हात टाकून आला. मग चहा येईपर्यंत त्यानं धाव कशी चढवायचे ते सांगितलं.

ज्यांनी बैलगाडीचं चाक जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी चाकाच्या घेराला जी लोखंडी पट्टी असते ती धाव. ती मापानं चाकापेक्षा बोटभर कमीच करायची असते. चाक सुताराचं, धाव लोहाराची, आणि ती चढवायच्या दिवशी दोघांनाही गरज एकमेकांची. धावेभोवती गोवऱ्या रचून ती लाल होईस्तोवर तापवायची. तापली की लोखंड फुगतं, घेर वाढतो. मग दोघा-तिघांनी सांडशीनं उचलायची, आडव्या ठेवलेल्या चाकावर बरोब्बर बसवायची, घणाचे चार ठोके घालायचे, आणि लाकूड पेट घेतंय असं वाटलं की वरून घागरीनं पाणी. चर्र आवाज होतो, वाफेत कुणी कुणाला दिसत नाही, आणि आकसत जाणारी धाव चाकाचे सगळे आरे तुंब्यात करकचून दाबते. एकही खिळा न मारता चाकाचा प्रत्येक सांधा घट्ट. उशीर झाला तर लाकूड जळतं, घाई केली तर धाव अर्ध्यात अडते. "माह्या बापाले त्या दिवशी कोनी हाक मारे नाई," मिस्त्री म्हणाला. "माय बी नाई."

आता गाड्यांना रबरी टायर आले आणि धाव गेली. पण हे ऐकताना माझ्या लक्षात आलं, की आठवडाभर आम्ही ज्या पट्टीची चौकशी बाजारभर करत होतो तिची सगळी विद्या ओसरीतच बसून बिडी ओढत होती. खाचेपेक्षा जीभ जाड, चाकापेक्षा धाव लहान. दोन्हीकडे कामाला येते ती ओढाताणच. मिस्त्रीला मी तसं म्हटलं. त्यानं पट्टीच्या जिभेवरच्या काट्यांवरून अंगठा फिरवला. "काटे चांगले हायेत," म्हणाला. "पर ही धाव नोय. हिच्यावरून गाडी जाणार नाई."

खाच पाडायला राऊटरचं खास पातं लागतं, ते वाशिमला नव्हतंच. मिस्त्रीनं चार इंची कटरला लाकडाची बारीक पात लावली, तळाला फळीचा अडसर बांधला आणि सरळ कडा सलग चिरत नेल्या. बाहेरच्या गोलाईवरही कटर चालला. अडला तो आतल्या वळणावर, पडद्याच्या खाली पेटीची मान जिथं आत जाते तिथं. गोल पात आत वळत नाही. मग त्यानं हॅक्सॉच्या पातीचा बोटभर तुकडा मोडला, लाकडाच्या ठोकळ्यात दाबून बसवला, ठोकळा कडेला टेकवून मागं-पुढं ओढायला लागला. प्रत्येक ओढीला चिमूटभर भुसा. भाचा म्हणाला, असं करायला दिवस जाईल. मिस्त्री म्हणाला, "दिवस जाणारच हाये, काही बी करा." जेवायच्या वेळेपर्यंत दोन्ही वळणं झाली होती.

पट्टी ठोकताना घरात पुन्हा गर्दी जमली. तीक्ष्ण कोपऱ्यावर जिभेत व्ही आकाराची कापणी करायची, म्हणजे पट्टी घडी न पडता वळते, हे भाच्यानं कुठंतरी वाचलेलं होतं आणि मिस्त्रीनं न वाचता आधीच केलेलं होतं. शेवटचा वाद सांध्याचा. पट्टीची दोन टोकं जिथं भेटतात तो सांधा कुठं ठेवायचा? पीव्हीसी थंडीत आकसतं, आमच्याकडच्या मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला गेला की लांबतं, त्यामुळं सांधा कधीतरी तोंड उघडणार हे ठरलेलं. भाऊजी म्हणाले, मागं. सर म्हणाले, शिल्पात सांधा लपवत नाहीत. ताई म्हणाली, साडीच्या फॉलची सुरुवात जिथं असते तिथं, म्हणजे खाली आणि आतल्या अंगाला. ताईचं ऐकलं गेलं. रबरी हातोडा फिरत गेला, काळी पट्टी घेराभर बसली आणि शेवटी तळाशी, मागच्या कोपऱ्यात, कुत्र्याखेरीज कुणाचं लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी बंद झाली.

पेटी चालू झाली त्या संध्याकाळी गल्ली लोटली. पोट्टे बटणांवर तुटून पडले. मुस्तफानं पहिल्या पाच मिनिटांत जीव गमावला. मोठी माणसं मात्र पडद्याकडे बघायला तयार नव्हती. काच-ॲल्युमिनियमवाला आला होता, सीटवाला आला होता, मंडपवाला तर सहकुटुंब होता. प्रत्येकजण हळूच अंगठा कडेवरून फिरवत, सांधा शोधत, पेटीभोवती सरकत होता. सीटवाला गुडघ्यावर बसून मागं पोचला तेव्हा त्याला सांधा सापडला. "आमच्या पायपिंगले असं दिसलं नसतं," तो उभा राहत म्हणाला, आणि त्याचं मन शांत झालं.

पट्टी चांगली वावभर उरली होती. तिचा एक तुकडा ताईच्या देवघराच्या फळीला लागला. तिथं काळा रंग आता कुणाला खटकत नाही. एक सरांनी पुस्तकांच्या कपाटासाठी नेला, तीन शाखांपैकी पहिली म्हणून. भाचा पुण्याला गेला. परवा पाटणी चौकातून जाताना प्लायच्या दुकानात मिस्त्री दिसला. समोर कुणी नवरा-बायको, ड्रेसिंग टेबलचं बोलणं चाललेलं. मिस्त्रीच्या हातात आमच्याच पट्टीचा वीतभर नमुना होता. "हे टी-पट्टी. अमेरिकेचा माल हाये," तो सांगत होता, "वाशिम जिल्ह्यात ही फक्त माह्यापाशी भेटते." दुकानदार मागून म्हणाला, "अकोल्याले बी नाई भेटत."